दुर्गेश्वरीचा बायोडाटा पोचला का?

"वाचला का वो त्यानं?" शालीकरामजींनी दुकानातून घरात डोकावून पुन्हा विचारलं.

"बाबा, तो हापिसात असंल. मेल टाकून अर्धा घंटा नाही झाला!" दुर्गेश्वरी वैतागली.

स्वतःच्या लग्नाचा बायोडाटा स्वतःच टाईप करायचा, स्वतःच फोटो जोडून मेल करायचा आणि समोरच्यानं तो वाचला की नाही, याचं उत्तरही स्वतःच द्यायचं! पण आमगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची, त्यामुळे घरातलं हे खातं तिच्याच गळ्यात होतं. मुलगा उमेंद्र पुण्याला नोकरीला, त्याचे वडील ईश्वरदासजी तिरोड्याला. "पोराच्या मेलवर टाका," असं त्यांनीच सांगितलं होतं.

"तिरोड्याले नेऊन देल्ला असता, तं आतापावतर जेवून वापस आले असते," आई निर्मलाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

शेवटी वडिलांचं तोंड बंद व्हावं म्हणून दुर्गेश्वरीनं मेलला एक सोय जोडली आणि तो पुन्हा पाठवला. आता मेल उघडला की पडद्यावरचा आकडा वाढणार होता. तो कुठं पाहायचा, हे वडिलांना शिकवून ती क्लासला गेली. तिथंच चुकलं.

संध्याकाळी परतली, तर घरात पेढे.

"पोरी, एकोणीस डाव उघडला त्यानं!" शालीकरामजी दारातच ओरडले. "नोकरी सोडून तुलेच पाहून राहिला तो!"

मामाला कळवून झालं होतं. शेजारी पेढे पोचले होते. तेवढ्यात ईश्वरदासजींचा फोन आला.

"शालीकरामजी, बायोडाटा काऊन नाही पाठवला जी? पोरगा वाट पाहून राहिला."

दुर्गेश्वरीनं वडिलांकडे पाहिलं. "बाबा, दिवसभर तुमी काय केलं?"

"काही नाही. गेला का नाही म्हणून, पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन उघडून पाहत होतो."

"किती डाव?"

शालीकरामजी पेढ्यांच्या डब्याकडे पाहू लागले.

"म्हणजे तो आकडा तुमचाच होय! एकोणीस डाव तुमीच माहा बायोडाटा वाचला!"

मग तिरोड्याहून पुण्याला फोन गेला. थोड्या वेळानं पुण्याहून तिरोड्याला आणि तिरोड्याहून आमगावला निरोप आला की, मेल स्पॅममध्ये सापडला.

"स्पॅम म्हंजे?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"मेलची कचरापेटी."

"माह्या लेकीले कचऱ्यात टाकलं? अशा घरी पोरगी देऊन राहिले तुमी?"

त्यांची समजूत काढेपर्यंत उमेंद्रचा मेल येऊन पडला. दुर्गेश्वरीनं माऊसला हात लावताच शालीकरामजींनी पडद्यासमोर पंजा धरला.

"थांब. नाही म्हटलं असंल तं? उद्या उघडू."

"सरका तिकडं!" मायलेकी एकदमच म्हणाल्या.

मेल उघडला. 'फोटो मिळाला. आवडला. बायोडाटा मात्र वाचता येत नाही, माझ्याकडे तो मराठी फॉन्ट नाही. नुसती चिन्हं दिसतात. तिरोड्याला बाबांकडे पोस्टानं पाठवला तरी चालेल.'

दुर्गेश्वरीनं सुरुवात पुन्हा एकदा वाचली, मग शेवट वाचला आणि कीबोर्डवर कपाळ टेकलं.

शालीकरामजींचा चेहरा मात्र पुन्हा फुलला.

"हे बेस झालं! रजिस्टर पोस्टानं पाठवतो. त्याची पोचपावती येते. सहीची!"