हळू ओढण्याची विद्या

साहेबांना मासे पकडायला मी शिकवणार होतो! मी, ज्याच्या घरात कधी बोंबलाचा वासही शिरला नाही!

पण वेळच तशी होती. छप्पन्न सालची थंडी. नवं राज्य झालं, आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, आणि बऱ्हाणपूरच्या कचेरीतल्या एका कारकुनाला तिकडे धाडायचं ठरलं. कोणाला, ते ग्वाल्हेरहून आलेले सक्सेना साहेब ठरवणार. आणि साहेबांना वेड मासेमारीचं!

"साहब, ठंड में मच्छी सुस्त रहती," मी ठोकून दिलं. "गळ जल्दी ओढा तो वो पीछे नहीं आती. हळू खींचने का!" आमच्या बऱ्हाणपूरच्याच लालबाग स्टेशनवर कोणा प्रवाशाकडून हे ऐकलं होतं. तेवढंच माझं ज्ञान.

साहेब खूश! "इतवार को सिखाओ."

घरी मालतीला सांगितलं, "आता बदली टळलीच समज!"

"तुमच्या भरवशावर नाही राहत मी," ती म्हणाली. "तापीमायला लुगड्याचा नवस बोलली आहे. आधीच देऊन टाकते. मग माय नाही कशी म्हणेल?"

रविवारी घाटावर साहेबांनी आपली विलायती काठी माझ्या हातात दिली. दोराच्या टोकाला पितळेची चकचकीत खोटी मासोळी, तिला गळ. मी ती पाण्यात भिरकावली आणि दुधावरची साय काढावी तशी चरखी फिरवू लागलो. एकाएकी दोर जड झाला!

"बड़ी है!" साहेब ओरडले. "धीरे, धीरे!"

घाटावर ही गर्दी जमली. शेजारच्या सोजरबाई किंचाळल्या, "अवं माय! लुगडं उलट्या पाण्यानं येऊन राह्यलं!"

हिरवंगार लुगडं. मालतीचं, दिवाळीचं! वरच्या अंगाला उभं राहून तिनं ते नुकतंच सोडलं होतं. ती धावत आली आणि ओलं लुगडं उराशी धरून रडायलाच लागली.

"मायनं वापस केलं हो! आता बदली पक्की!"

मी काठी खाली टाकली. हातापाया पडून साहेबांना खरं ते सांगितलं, "साहब, मेरे को कुछ नहीं आता!"

"बड़े उस्ताद ऐसा ही बोलते हैं!" साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "इतनी भारी चीज, और धागा नहीं टूटा! मेरी भी बदली भोपाल हो रही है. वहाँ बहुत बड़ा तालाब है. तुम साथ चलोगे!"

आता दर रविवारी त्या तलावावर बसून मी साहेबांसाठी दोर ओढतो. मासा अजून एकही नाही. बऱ्हाणपूरला परत पाठवा म्हणून अर्ज केला आहे, तो सरकार ओढतंय. माझ्याहून हळू!