रामटेके काकांची खुर्ची

रामटेके काकांनी भर शोरूममध्ये माझा डावा हात गमछ्याने माझ्याच कमरेला बांधला आणि दुकानदाराला म्हणाले, "हाँ भैया, अब चालू करो."

मी शाळेत शिकवते. समोर माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई सोफ्याचं कापड बघत होती. तिने मला नमस्कार केला. मला तो एका हाताने परत करावा लागला.

काका आमचे समोरचे शेजारी. सरकारी कारखान्यात जन्मभर माल तपासला, आणि रिटायर झाल्यावरही ती खोड गेली नाही. वस्तू मोडेपर्यंत ताणायची आणि मोडली की समाधानाने "रिजेक्ट" म्हणायचं. आमच्या गोहलपूर बाजारातला छत्रीवाला त्यांना पाहिलं की छत्र्या आत ठेवतो. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला तर त्यांनी पाण्याने भरलेलं पिंप उचलायला लावलं होतं. लग्न झालं, पण काका त्याला अजून रिजेक्टच म्हणतात.

काकांच्या बायकोला, शांताकाकूंना, लकवा मारून गेला तेव्हापासून त्यांची डावी बाजू साथ देत नाही. एकदा उभ्या राहिल्या की काठीने चालतात, पण खुर्चीतून उठणं काही जमत नाही. काका काखेत हात घालून उठवतात, आणि मग स्वतः कंबर धरून बसतात. म्हणून बटण दाबल्यावर माणसाला उचलून उभं करणारी विजेची खुर्ची घ्यायची होती.

"चल मनीषा, तुझं काम आहे," असं म्हणून त्यांनी मला आणलं. मला वाटलं, सल्ला हवा असेल. दुकानात कळलं. "तू शांताच्याच मापाची आहे. उंचीनं बी, वजनानं बी." काकू सत्तरीच्या आहेत. गमछ्याचा धक्का मला त्यानंतर बसला.

पहिल्या खुर्चीने मला असं उचललं की मी समोरच्या टेबलावर जाऊन आदळले असते. "तोंडावर पाडून राहिली. रिजेक्ट." दुसरीत पाय जमिनीला टेकेनात. तिसरीत मी पाय वर करून निवांत आडवी झाले आणि अख्ख्या दुकानात अंधार झाला. काकांनी मेन स्विच पाडला होता.

"अंकलजी, ये क्या कर रहे हैं आप?" दुकानदार रडकुंडीला आला.

"लाइट जाते नं आपल्याकडं," काका मला म्हणाले. "आता ऊठ."

खुर्ची हलेना. एक हात बांधलेला, पाय छताकडे. शेवटी त्या मुलीच्या आईने मला ओढून काढलं. उद्या शाळेत कोणत्या तोंडाने जायचं, याच विचारात मी चौथ्या खुर्चीत बसले. तिच्यात बॅटरी होती. तिने अंधारातही मला अलगद उभं केलं.

सुटले, असं वाटलं. तेवढ्यात काकांनी परत बसायला लावलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. "सगळं पी. आता समज, बाथरूमले जायचं आहे. मी घरातच आहो, पण मले हाक मारायची नाही."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "काहून नाही मारायची? तुम्ही मग घरात कशाला आहात?"

काका गमछ्याची गाठ उगाच चाचपत राहिले. "शांता मारतच नाही नं, बेटा. दिवसभर पाणीच पीत नाही. म्हणते, तहान नाही. ओठ सुकतात तिचे, मी पाहून राहिलो. पाणी प्यायली तर मले उठवा लागते, म्हणून."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी सगळं पाणी प्यायले आणि बटण दाबलं.

खुर्ची घरी आली त्या दिवशी मी मुद्दाम गेले. काकूंनी तांब्याभर पाणी मागितलं आणि घटाघटा प्यायल्या. थोड्या वेळाने त्यांनी बटण दाबलं. खुर्ची हळूहळू वर आली. काकूंनी काठी घेतली आणि एकट्या आत गेल्या.

काका सवयीने पुढे धावले होते. काखेत घालायला पुढे केलेले दोन्ही हात तसेच राहिले होते.

"पास?" मी विचारलं.

"पास," ते म्हणाले, आणि त्या हातांचं काय करावं ते न सुचून रिकामा तांब्या उचलून भरायला गेले.