लेक माझी शेन्जिंगबिंग

अख्ख्या ताइनान शहरात माशांची कांजी विकणारे ढीगभर असतील, पण मेंदू आणि मज्जातंतूंची डॉक्टर पोरगी एकट्या या त्सायची! पेइ-शान तज्ज्ञाची परीक्षा पास झाली तेव्हाच मी ठरवलं, दुकानावर लाल कापडी फलक झळकलाच पाहिजे. मजकूर अर्थातच माझा! ती घोकायची आणि मी मासे साफ करत ऐकायचो. वैद्यकीय शब्द मला तोंडपाठ!

"जड शब्द नकोत," मी फलकवाल्याला फोनवर ऐटीत सांगितलं. "शेन्जिंग म्हणजे नस, बिंग म्हणजे आजार. लिही, 'अभिनंदन! आमची लेक त्साय पेइ-शान, शेन्जिंगबिंग-तज्ज्ञ!'"

आता पुस्तकात शब्द बरोबरच आहे हो! पण आमच्या रस्त्यावर कुणी स्कूटर आडवी घातली की याच शब्दानं त्याचा उद्धार होतो. म्हणजे, 'अरे वेड्या!' हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्यात फलकवाल्याला कापड कमी पडलं. पठ्ठ्यानं 'तज्ज्ञ' तेवढं गाळलं आणि मी दुपारची झोप काढत असताना फलक टांगून गेला!

उठलो तर दारात शेजारची फळवाली युए-गुई काकू. हातात डुकराच्या पायाच्या शेवयांचं पातेलं. घरावर संकट आलं की आमच्याकडे शेजारी तेच खाऊ घालतात.

"धीर धर रे," ती डोळे पुसत म्हणाली. "कधीपासून आहे पोरीला?"

"लहानपणापासूनच!" मी छाती फुगवली. "आईवर गेलीये!"

"अगं बाई! आईलाही?"

"तिला बिचारीला संधी मिळाली नाही. पोरीनं नाव काढलं!"

काकू दोन पावलं मागे सरकली. तेवढ्यात देवळातला अंगारा, ताईत, लिंबू-सरबत घेऊन निम्मी गल्ली गोळा झाली. आणि नेमकी पेइ-शान बसमधून उतरली! झोपलेल्या वाघापुढे व्हावी तशी गर्दी चिडीचूप.

"बाळा, मला ओळखतेस ना?" काकूनं हळूच विचारलं.

पेइ-शाननं वर फलकाकडे पाहिलं. "बाबा!"

"नसांचाच आजार ना तो?" मी म्हणालो.

"पुस्तकात! रस्त्यावर ती शिवी आहे! आता माझ्याकडे पेशंट येतील का?"

माझा चेहरा शिळ्या माशासारखा झाला. ती फलक काढायला स्टुलावर चढली, तशी काकूनं तिचा हात धरला.

"राहू दे गं," ती पुटपुटली. "मला कित्येक महिने झोप नाही. छाती धडधडते. दवाखान्यात गेले तर हाच शब्द चिकटेल म्हणून गप्प होते. तुझ्या बापानं तर दारावर लावलाय, वर मिरवतोय!"

पेइ-शान खाली उतरली. "काकू, हे माझ्याकडचं नाही, मनाच्या डॉक्टरांचं. तिथं जाणारा काही वेडा नसतो. सोमवारी मी येते तुमच्यासोबत."

सोमवारी तिच्या दवाखान्यातल्या मनाच्या विभागात मीही गेलो. ठेवणीतला कोट घालून! दोघी आत गेल्या. पोरीचा असा काही अभिमान दाटून आला की राहवेना. काउंटरवरच्या नर्सला मी खणखणीत आवाजात सांगितलं, "इथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत ना, त्यांचा बाप मी!"

नर्स फार प्रेमानं हसली. मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

"हो हो, काका. आणि असं कधीपासून वाटतंय तुम्हाला?"