चारशे बारा अपडेटांच्या स्वारीची हकिकत

सकल वाचकांस विदित व्हावे, की पुढील मजकूर ऐकीव नसून घडला तैसाच लिहिला आहे, आणि ज्यास लबाडी वाटेल त्याने खुद्द आमच्या शेजारच्या काकूंस खुशाल विचारावे, त्या काही भिडस्त नाहीत.

काकूंचे यजमान आप्पासाहेब हे दस्तनोंदणी कचेरीतील निवृत्त कारकून, बहुत किचकट पुरुष. वाचल्यावाचून सही करणे नाही, या बाण्याने त्यांनी छत्तीस वर्षे कचेरीस जेरीस आणिले, आणि मग तोच अंमल घरच्या संगणकावर बसविला. त्या संगणकात भाच्याने अवघे यंत्र चालविणारी एक फुकट मिळणारी प्रणाली घातली होती. तिचा शिरस्ता ऐसा, की नाना कारागीर प्रोग्राम रचिती, प्रणालीचे कारभारी ते पारखून मोहर करिती आणि कोठारात ठेविती, मग तेथून घरोघर अपडेट रवाना होती. सोबत काय बदलले याची यादी असे. ती वाचल्यावाचून आप्पासाहेब 'हो' दाबीत ना, आणि वाचून उरकेना, सबब तीन वर्षांत चारशे बारा अपडेट तुंबून राहिली.

ऐशात कन्येच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेचा दिवस उगवला. ती परमुलखी, परीक्षा अकरास, व्हिडिओ कॉलवर. मागील खेपेस परीक्षकांपुढे पोरीची वाचाच बसली होती, सबब तिने बापास बजाविले होते, की पडद्याच्या कोपऱ्यात तुमचा चेहरा दिसलाच पाहिजे, मग मी कोणास भीत नाही. पावणेदहास आप्पासाहेब इस्त्रीचा सदरा चढवून आसनस्थ जाहले, तो कॉलचा प्रोग्राम म्हणे, आवृत्ती जुनी, आत प्रवेश नाही! आप्पासाहेबांचे धाबे दणाणले.

भाच्यास फोन गेला. त्याचा हुकूम आला, की मामांनी सगळीच अपडेट घ्यावी, कारण कॉलच्या प्रोग्रामास आवाजाचा प्रोग्राम नवा हवा, आणि त्यास आणखी तिसरा हवा, ऐसे करिता अवघी फौजच आत घेणे प्राप्त. आप्पासाहेबांनी चष्मा पुसला आणि पहिली यादी वाचावयास घेतली. वीस मिनिटांत दोन जाहल्या. मग काकू कडाडल्या.

"अहो, लग्नाच्या वेळी माझ्याबद्दल एवढं वाचलं होतंत का? दाबा ना ते!"

वाचलेल्या दोहोंपुरते दाबिले. तो प्रणाली अडली, की कोठाराच्या जुन्या मोहरेची मुदत सरली, नवी मान्य करावी काय? भाचा म्हणे, करून टाका. येथे मात्र आप्पासाहेब हटून बसले. मोहर न पडताळता मान्य करणे त्यांच्याने जन्मात होणे नाही. मग भाच्याने कारभाऱ्यांच्या संकेतस्थळावरून मोहरेची चाळीस अक्षरे वाचिली, आणि आप्पासाहेबांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक पडताळिले, आणि काकू घड्याळाकडे पाहून चडफडू लागल्या. चाळीसच्या चाळीस जुळली. तेव्हा त्यांच्या ध्यानी आले, की मोहर खरी, म्हणजे आतले सारे कोणा आपल्यासारख्याच किचकट माणसाने आधी पारखिले असणार. जातभाई भेटल्याचा बहुत संतोष जाहला, आणि उरलेल्या चारशे दहांस त्यांनी न वाचता 'हो' केले. 

येणेप्रमाणे अकरास दोन मिनिटे कमी असता फत्ते जाहली, ती येथे नोंदून ठेविली आहे. पडद्यावर कन्या दिसली, पांढरीफटक. पहिला प्रश्न आला, ती थबकली, काकूंचा जीव टांगणीस लागला, आणि तिने कोपऱ्यात पाहिले, आणि मग जी बोलू लागली ती पाऊण तास अडखळली नाही. परीक्षकांनी उठून अभिनंदन केले. आप्पासाहेबांनी सर्व ऐकिले. पाहिले मात्र काहीच नाही. पहिल्या उत्तरास त्यांचे डोळे जे भरले, ते शेवटपर्यंत निवळले नाहीत.