गाडी हलकी कशी झाली?

बाळांनो, डोळे मिटा आणि स्वतःला एका लांबट घसरगाडीत बसवा. खाली रेनडिअरचं कातडं, अंगावर जाड लोकरी पांघरूण. पुढे स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर पळणारी फटफटी. तिच्यावर टूओमो. त्याच्यामागे घसरगाडीत तुमच्याएवढी विल्या, त्याची लेक, आणि तिची आजी केर्त्तू. बसलात? मग घट्ट धरा!

टूओमो हेलसिंकीत चष्मे विकायचा. पण हिवाळी सुट्टीत उत्तरेकडच्या बर्फाळ लॅपलँडला आला की त्याच्या अंगात ध्रुवावरचा वीर संचारायचा! त्यातून यंदा सासूबाई सोबत. लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाला ना कधी वाईट म्हटलं होतं, ना चांगलं. टूओमोला चांगलं ऐकायचं होतं. एकदाच, पण ऐकायचं होतं!

गाड्या भाड्याने देणारी राकेल सांगत होती, "लाल दोरी जॅकेटला अडकवा, पडलात तर इंजिन आपोआप बंद होईल. आखलेली वाट सोडू नका. घसरगाडी जोडणाऱ्या पिनेला क्लिप लावल्याशिवाय निघू नका, नाहीतर पिन निसटेल. आणि अधूनमधून मागे बघा."

"अहो बाई, मला काय शिकवता! मी लहानपणापासून..."

"लहानपणापासून काय, बाबा?" विल्याने विचारलं.

"हेल्मेट घाल!"

वाटेत फोटोसाठी टूओमोने घसरगाडी सोडवली. पुन्हा जोडताना पिन खोचली. क्लिप मात्र लोंबत राहिली!

टेकडीच्या माथ्यावर वाट उजवीकडे वळली. टूओमोही ऐटीत वळला. गाडी एकदम पिसासारखी पळू लागली. "बघा! ओळखला तिने मालकाचा हात!" तो खूश झाला. "काय आई, कसं वाटतंय?"

मागून चकार शब्द नाही.

आता आम्हा फिनलंडच्या लोकांत गप्प बसणं म्हणजे तक्रार नसणं, आणि तक्रार नसणं म्हणजे जवळजवळ कौतुकच! टूओमोची छाती जॅकेटात मावेना. तो बोलत राहिला, घाट समजावत राहिला, झाडांची नावं सांगत राहिला. सॉसेज भाजायच्या शेडपाशी थांबून त्याने झोकात हेल्मेट काढलं. "उतरा, आई!"

मागे पाहतो तर घसरगाडीच नाही!

टूओमोचं तोंड बर्फापेक्षा पांढरं पडलं. लेक! सासूबाई! आता बायकोला काय सांगू? तो तसाच उलटा सुटला. वळणावर बर्फात दोन रेघा सरळ खाली, गोठलेल्या तळ्याकडे गेलेल्या दिसल्या. त्याने इंजिन बंद केलं. खालून विचित्र आवाज येत होता. एखादा पक्षी संकटात सापडलाय, असं त्याला वाटलं.

सासूबाई हसत होत्या! हा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता.

कंबरभर भुसभुशीत बर्फात रुतत, धडपडत, एक बूट हरवत तो खाली पोचला. "आई! लागलं का? मोडलं का काही? क्लिप मीच विसरलो!"

केर्त्तूआजी थर्मासातली कॉफी पीत होत्या. टोपी तिरकी, गाल लालबुंद. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "आज फार छान वाटलं हं!"

टूओमोला भरून आलं. "खरंच, आई?"

"वळणापर्यंत कंबर मोडली. पण तुम्ही निघून गेलात ना, त्यानंतर! शाळेत असताना अशी घसरले होते, ते आज!"

टूओमो मटकन बर्फात बसला. कौतुक मिळालं होतं, पण त्याच्या तिथे नसण्याचं!

विल्याला मात्र इतका विचार करायला वेळ नव्हता. बाबांचा बूट तिने बर्फातून उकरून काढला, झटकला, त्यांच्या हातात दिला. मग घसरगाडीची दोरी खांद्यावर टाकून ती चढाला लागली.

"बाबा, बसलात काय? मागून ढकला! पुन्हा घसरायचंय! आणि या वेळी तुम्ही आमच्या मधे बसायचं. हरवलात तर कळेल तरी!"