अतिरक्तस्राव : नाही

प्रसूतिगृहातल्या नोंदणी कारकुनाला सगळे बिनचूकराव म्हणत, आणि हे नाव आपल्याला कौतुकानंच मिळालंय असा त्यांचा ठाम समज होता. जन्मलेल्या प्रत्येक बाळाची आणि त्याच्या आईची माहिती ते देशाच्या जन्मनोंदणीत भरत. आपला एकही रकाना आजवर रिकामा गेला नाही, हे ते घरी आलेल्या पाहुण्यारावळ्यांनाही ऐकवत.

रिकामा जाणार कसा? ‘अतिरक्तस्राव झाला का?’ या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकतच नसे. उत्तर असे नर्सच्या वहीत, वही दुसऱ्या मजल्यावर, आणि बिनचूकरावांचे गुडघे तळमजल्यावर. ते ‘नाही’ दाबत आणि चहा मागवत.

वर्षअखेरीला मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. अकराशे बाळंतपणं, अतिरक्तस्राव शून्य, म्हणून हे प्रसूतिगृह देशात पहिलं! मोठ्या डॉक्टरांनी पत्र काचेत बसवून भिंतीवर लावलं. बिनचूकराव आठवडाभर जमिनीपासून वीतभर वर चालत होते. पत्राला दुसरं पानही होतं, ते फक्त मेट्रनबाईंनी वाचलं. गरज दिसत नसल्यामुळे प्रसूतिगृहाच्या रक्ताच्या पिशव्या महिन्याला वीसवरून दोन करण्यात येत होत्या.

मेट्रनबाई तळमजल्यावर आल्या. वह्यांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर आपटला नाही, अगदी हळू ठेवला. त्यानंच बिनचूकरावांना घाम फुटला.

“गेल्या मंगळवारी एका पोरीला चार पिशव्या लागल्या,” त्या म्हणाल्या. “उद्या कुणाला लागल्या, तर तुमचं ‘नाही’ चढवू का तिला?”

बिनचूकराव वह्या उघडून बसले. पंधरा दिवस खपून त्यांनी अकराशे नोंदी वह्यांवरून दुरुस्त केल्या. शहाण्णव ‘हो’ निघाले. पिशव्या पुन्हा वीस झाल्या, आणि प्रसूतिगृह यादीत थेट तळाला गेलं. मोठ्या डॉक्टरांनी काच उतरवली आणि बिनचूकरावांशी बोलणं टाकलं. शिवाय चौकशी समिती येणार असल्याचं कळलं.

समितीच्या धास्तीनं ते कागद लावत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे शेजारच्या गावच्या प्रसूतिगृहातला कारकून होता. नव्या यादीत तेच पहिले आले होते. बिनचूकरावांनी पडेल आवाजात अभिनंदन केलं.

“ते राहू द्या हो,” पलीकडून घाईघाईनं कुजबुज आली, “तुमच्याकडे दोन पिशव्या मिळतील का? आमच्याकडे एकही नाही.”