झाकण लावा म्हणजे नक्की काय करा

सकाळी नऊ वाजता सुनेने ओट्यावर रस काढायचं यंत्र मांडलं, शेजारी लॅपटॉप उघडला आणि सासऱ्यांना हाक मारली. पंधरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर तिला आता यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याची नोकरी हवी होती. त्यासाठी ती पानं मांडायचं सॉफ्टवेअर शिकली होती, आकृत्या काढायला शिकली होती. कंपनीने परीक्षा म्हणून हे नवं यंत्र पाठवलं होतं. पुस्तिका संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची होती.

"बाबा, लिहिलंय तेवढंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"छत्तीस वर्षं कचेरीत दुसरं काय केलं?" सासरे म्हणाले.

त्यांनी लॅपटॉपवर तिने लिहिलेलं मोठ्याने वाचलं, 'कलिंगडाच्या फोडी भांड्यात टाका. बटण दाबा.' टाकल्या. दाबलं. छत, कपाटं आणि सासरे लालभडक झाले.

"अहो, झाकण!"

"ते कुठे लिहिलंय?"

तिने 'झाकण लावा' असं घातलं. सासऱ्यांनी झाकण अलगद वर ठेवलं. ते उडून थेट पिठाच्या डब्यावर आदळलं. तिने कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला.

"दोन्ही खटके बसेपर्यंत दाबायचं, मॅडम. ते काय, कोणालाही कळतं!"

"आमच्याकडे एकाला कळलेलं नाही," म्हणत ती खटक्यांची आकृती काढायला बसली.

तिसऱ्या खेपेला झाकण टिकलं. यंत्र मात्र घरघरतच राहिलं. जळका वास सुटला.

"बाबा, बंद करा!"

"पुढचं पान कोरं आहे."

जेवणं राहिली. इंजिनिअरला बारा फोन झाले. तेराव्याला त्याने नुसताच उसासा टाकला. कपाटं पुसता पुसता सासूबाई म्हणाल्या, "शाळा काय वाईट होती गं?" सून खोडत होती, लिहीत होती. ती हटली नाही.

पावणेपाचला सासऱ्यांनी एकही प्रश्न न विचारता ग्लासभर रस काढला. तिचे डोळे भरून आले. पुस्तिका रवाना झाली.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरचाच फोन आला. तिने स्पीकर लावला.

"मॅडम, नोकरी पक्की! साहेबांना पुस्तिका फार आवडली. फक्त एक झालंय... तुमचे प्रश्न ऐकून आम्ही यंत्रच बदलतोय. त्यामुळे पुस्तिका..."

"नव्याने लिहायची?"

"पहिल्या पानापासून."

तिने खोल श्वास घेतला. "यंत्र कधी पाठवताय?"

सासरे मुकाट्याने उठले आणि रेनकोट शोधायला गेले.